दादाला आणायला सेंट क्रॉयला

कॅरिबियनला जाऊन आले म्हटलं की आमच्या पिस्कॅटवेच्या बायका आधी माझ्या चेहऱ्याकडे बघतात, ऊन किती लागलंय ते पाहायला, आणि मग विचारतात, "बीच कसा होता, मावशी?" बीच मी गाडीच्या खिडकीतून पाहिला. सहा दिवसांत चार वेळा पाहिला, आणि चारही वेळा माझ्या मांडीवर ब्लड प्रेशरचं मशीन आणि कानाशी बांबूचं टोक होतं. समुद्र निळा आहे. याहून जास्त माहिती हवी असेल त्यांनी दुसऱ्या कोणाला तरी विचारावं.

मी गेले होते ती माझ्या थोरल्या भावाला परत आणायला. दादा बहात्तर वर्षांचा, वहिनी एकोणसत्तरच्या. आम्ही मूळचे नगरचे. दादा पाणीपुरवठा खात्यात इंजिनिअर होता आणि वहिनी मिशनच्या दवाखान्यात नर्स. रिटायर झाल्यावर दोघं मुलाकडे, अजितकडे, अमेरिकेत मॉरिसव्हिलला आले. तिथल्या मंडळीत (आम्ही ख्रिस्ती लोक चर्चच्या माणसांना मंडळी म्हणतो) एके रविवारी विचारणा झाली, की निवृत्त जोडप्यांपैकी कोणी ज्येष्ठ मिशनरी म्हणून दीड वर्ष सेंट क्रॉय बेटावर जाईल का. तिथल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना भेटायचं, तरुण मिशनऱ्यांवर लक्ष ठेवायचं, पडेल ते काम करायचं. बाकीच्या आजोबांनी माना डोलावल्या. आमच्या दादाने हात वर केला.

दादाचं म्हणणं असं, की आपल्या आजोबांच्या वेळी अमेरिकन माणसं बोटीने नगरला आली, शाळा काढली, आजोबांच्या हातात पाटी दिली; आता आपली पाळी. मी म्हटलं, अमेरिकेचीच परतफेड करायची तर मॉरिसव्हिल काय रशियात आहे? तर म्हणतो, सेंट क्रॉयही अमेरिकेतच आहे. ते मात्र खरं निघालं. झेंडा तोच, पोस्टाचे शिक्के तेच, आणि सरकारी कागदांचा सोसही तोच.

दीड वर्ष संपत आलं तेव्हा कळलं, की दादा-वहिनी आणखी दीड वर्षाची मुदतवाढ मागणार आहेत. अर्जाची शेवटची तारीख मार्चमधल्या एका शुक्रवारी होती. अजितचा मला फोन आला. "आत्या, तूच जा. बाबा माझं ऐकतच नाहीत यार." त्याची कारणं दोन. दादाच्या हृदयात स्टेंट आहे, आणि मे महिन्यात अजितकडे दुसरं बाळ येणार आहे. दुसऱ्या कारणात आईवडिलांच्या काळजीपेक्षा पाळणाघराची सोय जास्त होती, पण मी तसं बोलून दाखवलं नाही, कारण माझंही एक कारण होतं आणि ते मी कोणालाच सांगितलेलं नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी आमचे हे गेले. दफनविधी आटोपून आम्ही घरी आलो तेव्हा दादा माझ्या शेजारी बसला आणि म्हणाला, "सुशे, आता आपण तिघं एकत्र राहायचं. मॉरिसव्हिलला घर बघतो." मी नगरचं बिऱ्हाड आवरलं आणि तोवर म्हणून मुलीकडे, निशाकडे, अमेरिकेतच पिस्कॅटवेला आले. निशाच्या घरात मला काही कमी नाही. फक्त सकाळी आठ ते संध्याकाळी सहापर्यंत त्या घरात मी आणि फ्रिज एवढेच बोलतो, आणि त्यात फ्रिज जास्त बोलतो. दादाने घर बघितलं नाही, बेट बघितलं. मला त्याचा राग होता. अजूनही थोडा आहे.

सोमवार

विमानतळ एवढासा. बाहेर दादा उभा, आधीच सडपातळ, त्यात आणखी वाळलेला. डोक्यावर गवताची हॅट. "सलाम, सुशे," तो म्हणाला. आमच्या नगरच्या मंडळीत भेटल्यावर सलाम म्हणतात, लहानपणापासूनची सवय. मी म्हटलं, "सलाम राहू दे, तू जेवतोस की नाही?"

या बेटावर गाड्या अमेरिकन, स्टिअरिंग डाव्या हाताला, आणि रस्त्याची बाजूही डावी. म्हणजे ड्रायव्हर गटाराच्या कडेला आणि त्याच्या शेजारी बसलेली बाई थेट समोरून येणाऱ्या ट्रकच्या तोंडाशी. ती बाई मी होते. दादा निवांत चालवत होता. मध्येच रस्त्यावर कोंबड्या, एका वळणावर मुंगूस. तेही आपल्याकडचंच. उसाच्या मळ्यातले उंदीर मारायला म्हणून कोणे एके काळी हिंदुस्थानातून मुंगसं आणली होती. पण उंदीर रात्री हिंडतात आणि मुंगूस दिवसा, त्यामुळे दोघांची गाठच पडली नाही. दादाने हे कौतुकाने सांगितलं. मी म्हटलं, भारतातून इथे येऊन बिनकामाचा मुक्काम ठोकणारे तुम्ही पहिले नाही तर. तो हसला. दादाला टोमणा लागत नाही, ही त्याची सगळ्यात तापदायक खोड आहे.

गाडीत मागच्या काचेपासून पुढच्या काचेपर्यंत एक बांबू आडवा ठेवलेला होता, टोकाला लाल फडकं. तो माझ्या कानाला दर खड्ड्याला लागत होता. कशाला आहे म्हणून विचारलं, तर "उद्या कळेल."

घर म्हणजे एक झोपायची खोली, एक बाहेरची खोली आणि पुढे ओटा. माझी खाट बाहेरच्या खोलीत. वहिनींनी चहा दिला आणि लगेच पाण्याचं समजावायला बसल्या. इथे घराघरात जमिनीखाली मोठी टाकी असते. छपरावर पडलेलं पावसाचं पाणी तिच्यात साठवायचं आणि वर्षभर तेच पुरवायचं. मार्च म्हणजे कोरडे दिवस, तेव्हा नळ जपून. मी म्हटलं, "वहिनी, मी नगरची आहे. मला पाण्याचं शिकवू नका." हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावं. मला विसरायची सोय उरलेली नाही.

फ्रिजवर अननसाच्या आकाराच्या लोहचुंबकाखाली तो अर्ज लावलेला होता. वर ठळक अक्षरात मुदतवाढ, खाली दादाचं नाव. मी तो पाहिला आणि मुकाट्याने दूध काढून फ्रिजचं दार लावलं.

मंगळवार

ज्येष्ठ मिशनरी साडेपाचला उठतात. चहा, मराठीत प्रार्थना, मग गाडी. माझी कल्पना अशी, की मिशनरी म्हणजे उपदेश करणारा माणूस. आठवडाभरात दादाने उपदेशाचं एक वाक्य उच्चारलं नाही. त्याने काय केलं ते सांगते. सकाळी दोघांनी तरुण मिशनऱ्यांच्या खोल्या तपासल्या. वहिनींनी फ्रिजमधलं बुरशी आलेलं चीज दोन बोटांनी उचलून बाहेर टाकलं आणि कागदावर फुली मारली. मग एका बाईला दवाखान्यात सोडलं, एका गृहस्थांचा चष्मा दुरुस्तीला दिला, एकीच्या नातीचं भांडण ऐकलं. आणि दिवसभर, घरोघरी, बांबू.

बांबू टाकीत बुडवायचा. टाकीचं झाकण जड असतं, म्हाताऱ्या माणसांना उचलत नाही, वाकून आत बघणं तर दूरच. मग पाणी अचानक संपतं आणि ट्रक मागवावा लागतो, तो आठवडा आठवडा येत नाही. म्हणून दादा दर मंगळवारी आणि शुक्रवारी झाकण उचलतो, बांबू आत सोडतो, किती फूट ओला झाला ते बघतो आणि टाकीशेजारच्या भिंतीवर खडूने आकडा लिहितो. पस्तीस वर्षं खात्यात जे केलं तेच. इतकं तेच, की आकडा मराठीत लिहितो. पहिल्या दिवशी हाताच्या सवयीने लिहून गेला आणि मग कोणी हरकत घेतली नाही म्हणून तसाच चालू राहिला. सेंट क्रॉयच्या भिंतींवर ठिकठिकाणी ४ आणि ५ आणि ३ पाहून माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, अरे, वाचणार कोण? तेवढ्यात त्या घरचे गृहस्थ, चालताना वॉकर धरणारे मिस्टर ऑगस्टस, भिंतीकडे बघून म्हणाले, की शुक्रवारी पाच होतं, आता चार, आंघोळीला आवर घालायला हवा.

दिवसातलं शेवटचं घर मिस अर्नेस्टीन यांचं. वय एक्क्याण्णव, दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही, रोज चारच्या सुमाराला ओट्यावर खुर्ची टाकून बसलेल्या. वहिनी त्यांच्या डोळ्यांत थेंब घालतात. दिसत नाही मग थेंब कशाला, तर जळजळ कमी होते म्हणून. मी पुढे होऊन इंग्रजीत विचारलं, तब्येत कशी आहे. बाई गप्प. मला वाटलं कानांचंही तेच. आणखी मोठ्याने विचारलं. तरी गप्प. दादा हळूच म्हणाला, "आधी गुड आफ्टरनून म्हण."

इथली ही रीत. दुकान असो, दवाखाना असो, सरकारी खिडकी असो, आत पाऊल टाकलं की आधी वेळेप्रमाणे गुड मॉर्निंग किंवा गुड आफ्टरनून म्हणायचं. रांगेतल्या सगळ्यांना. त्याआधी तुम्ही तोंड उघडलंत तर तुम्ही बोललाच नाहीत असं धरतात. मी घुश्शातच गुड आफ्टरनून म्हटलं. बाईंचा चेहरा उजळला आणि त्यांनी माझ्याशी अर्धा तास गप्पा मारल्या. त्यांच्या इंग्रजीतलं निम्मं मला कळलं नाही, पण एवढं कळलं की माझ्या आवाजावरून त्यांनी मला शाळामास्तरीण म्हणून ओळखलं होतं. मी चाळीस वर्षं नगरला मुलींच्या शाळेत गणित शिकवलं. आजवर मला कोणी वर्गाबाहेर उभं केलं नव्हतं.

संध्याकाळी वहिनींनी शेजारणीने दिलेलं कालालू वाढलं. हिरव्या पाल्याचं, भेंडी घातलेलं, खाली मक्याच्या पिठाचा मऊ गोळा. सरळ सरळ आपलं अळूचं फदफदं, फक्त त्यात चिंचगुळाऐवजी खारा मासा आणि खेकडा. मी दोनदा घेतलं. रागावलेल्या माणसालाही भूक लागते.

बुधवार

सकाळी ख्रिश्चनस्टेडच्या बेकरीत मला आठ मिनिटं ताटकळत ठेवलं. जॉनीकेक म्हणून तळलेल्या गोल पुऱ्यांसारखा प्रकार असतो, तो हवा होता. मी आत गेले आणि सरळ म्हटलं, चार द्या. काउंटरवरची धिप्पाड बाई माझ्या डोक्यावरून पलीकडे बघत राहिली. माझ्या मागून आलेले तिघं गुड मॉर्निंग म्हणून पुड्या घेऊन गेले. मला रीत आठवत नव्हती असं नाही. आठवत होती, पण काल शिकवलेला धडा आज म्हणून दाखवायला मी काही पाचवीतली मुलगी नव्हते. शेवटी जॉनीकेक न घेताच बाहेर आले. दादा गाडीत बसून हे सगळं बघत होता.

गाडीतच मी विषय काढला. स्टेंट काढला, बाळ काढलं, वहिनींचे गुडघे काढले. मग, न ठरवता, ते नगरचं वाक्यही काढलं. "एकत्र राहू म्हणाला होतास. मी घर मोडून आले, दादा. तू इथे लष्कराच्या भाकऱ्या भाजतोयस."

दादाने समुद्राकडे बघितलं. मग म्हणाला, "बघू."

दादाचं बघू हा आमच्या घराण्यातला जुना रोग आहे. आई डॉक्टरकडे चल म्हणायची तेव्हा बघू. माझ्या लग्नात वाजंत्री ठरवायची तेव्हा बघू, आणि मग ती आलीच नाहीत. दादा-वहिनी दुपारी बाहेर पडल्यावर मी फ्रिजपुढे उभी राहिले, अननस उचलला, अर्ज घडी घालून माझ्या बॅगेत साड्यांच्या तळाशी ठेवला, आणि अननसाखाली वहिनींची किराण्याची यादी लावली.

चाळीस वर्षं कॉपी करणाऱ्या मुली पकडलेल्या बाईने हे केलं. शुक्रवार तेवढा उलटून जाऊ दे, एवढंच माझ्या मनात होतं.

गुरुवार

गंमत अशी, की कोणी काही विचारलंच नाही. दादाने सकाळी फ्रिज उघडला, दूध घेतलं, बंद केला. मला वाटलं आता विचारेल. त्याने विचारलं, साखर किती. याचाही मला रागच आला. चोरी झाल्याचं तरी कळावं माणसाला.

डोकं दुखतंय सांगून मी घरी राहिले. आता घरात एकटी, बॅगेत अर्ज, आणि करायला काम नाही. अशा वेळी आमच्याकडच्या बायका काय करतात ते मी सांगायला नको. आधी पडदे काढले. दीड वर्षाची खारी धूळ होती त्यांच्यावर. ते मशीनला लावले. मग चादरी, मग खुर्च्यांचे अभ्रे, मग दादाचे सगळे शर्ट, मग पडदे दुसऱ्यांदा, कारण पहिलं पाणी काळं निघालं. ओट्यावर कबुतरांची घाण होती, म्हणून पाइप लावून ओटा धुतला. ओटा धुतला म्हणून पायऱ्या धुतल्या. एक मोठा सरडा, इग्वाना, माडाच्या बुंध्यावर बसून हे सगळं मान हलवत बघत होता. त्याच्या अंगावरही थोडं पाणी मारलं.

तिसरी खेप मशीनमध्ये असताना पाइपातून हवेचा फुस्स आवाज आला. मग भिंतीमागे पंपाची घरघर सुरू झाली. नगरच्या बाईला हा आवाज ओळखता आला पाहिजे. आला, पण टाकी रिकामी झाल्यावर.

दादा-वहिनी आले तेव्हा दोरीवर, कुंपणावर, खुर्च्यांवर पांढरेशुभ्र पडदे फडफडत होते आणि मी पायरीवर बसले होते. वहिनींनी आत जाऊन नळ सोडून पाहिला आणि बंद केला. दादाने पंपाचं बटण बंद केलं, बांबू आणला, टाकीत सोडला, वर काढला. तळाशी बोटभर चिखल. त्याने खिशातून खडू काढला आणि भिंतीवर ३ च्या शेजारी ० लिहिलं. मग दोरीकडे वळून म्हणाला, "पडदे छान निघालेत."

त्याने ओरडायला हवं होतं. मी त्याच्यावर ओरडले, की तू ओरडत का नाहीस. पाण्याच्या ट्रकला फोन केला, तर पुढच्या मंगळवारच्या आधी नाही. तेवढ्यात मिस अर्नेस्टीनचा फोन आला, दादाने त्यांना काय झालं ते सांगितलं, पडद्यांसकट. मला जमीन दुभंगून आत जावंसं वाटलं. खाली टाकी रिकामीच होती, जागा भरपूर.

शुक्रवार

सात वाजता दार वाजलं. ज्यांच्या टाकीत आता चारच फूट पाणी होतं ते मिस्टर ऑगस्टस आले. वॉकरच्या पुढे पिशवी टांगलेली, तिच्यात पाण्याचा एक कॅन. "गुड मॉर्निंग," ते म्हणाले. मी म्हटलं, "गुड मॉर्निंग." कॅन ठेवून ते बसले. पाऊण तास बसले. त्यांच्यामागून चष्मेवाले गृहस्थ, मग दवाखान्याची बाई, मग तिची बहीण, मग एक बसड्रायव्हर ज्याला दादाही ओळखत नव्हता. प्रत्येकाच्या हातात बाटली, बादली, डबा काहीतरी. आणि पाणी ठेवून जायचं अशी पद्धत नाही. आधी गुड मॉर्निंग, मग बसायचं, मग माझे पडदे बघायचे. कोणाच्याही चेहऱ्यावर हसू नव्हतं, याचा जास्त त्रास झाला.

मला काय हवं होतं ते सांगते. पहाटे डोळे उघडे ठेवून पडले असताना मी ठरवलं होतं, की अर्ज परत जागेवर ठेवायचा आणि दादाला खरं सांगायचं. पाच वाजेपर्यंत मुदत होती. पण त्या बाहेरच्या खोलीत, माझ्या बॅगेच्या शेजारी, पाहुण्यांची रांग हलायला तयार नव्हती. एक उठला की दुसरा गुड मॉर्निंग. बारानंतर गुड आफ्टरनून.

दोन वाजता बेकरीतली ती धिप्पाड बाई आली. दोन हातांत दोन मोठे कॅन, खांद्याला पिशवी. मला बघून ती उंबऱ्यातच थांबली आणि वाट बघू लागली. बाकीचे पण थांबले. मी उठून उभी राहिले आणि म्हटलं, "गुड आफ्टरनून." ती म्हणाली, "गुड आफ्टरनून, डार्लिंग," आणि पिशवीतून चार जॉनीकेक काढून माझ्या हातात दिले. अजून गरम होते.

मिस अर्नेस्टीन चारला आल्या, पुतणीच्या गाडीतून. स्वतः भरलेली एक बाटली मांडीवर धरून माझ्या शेजारी बसल्या. पडदे वाळले का विचारलं. मग दादा आत गेलाय याची खात्री करून माझा हात धरला.

"तुझा भाऊ येतो आणि मला सांगतो टाकीत किती पाणी आहे," त्या म्हणाल्या. "मला ठाऊक असतं. मी काठीने झाकण वाजवते, आवाजावरून कळतं. अठ्ठ्याऐंशी वर्षं कळतंय."

मी विचारलं, मग त्याला सांगत का नाही?

"सांगितलं तर यायचा नाही ना."

मी आतल्या खोलीकडे बघितलं. दादा आलेलं पाणी मोठ्या पिंपात ओतत होता, थेंब सांडू न देता, आणि पिंपावर खडूने खूण करत होता. माझा भाऊ लष्कराच्या भाकऱ्या भाजत नव्हता. इथे त्याला बसवून वाढत होते, आणि त्याला ते कळलेलंही नव्हतं. मॉरिसव्हिलमध्ये त्याची अशी वाट कोण बघणार होतं? अजितच्या घरी तो डिशवॉशर लावतो आणि तोही सून पुन्हा लावते.

पाचला दहा कमी असताना मी बॅगेकडे गेले, तर वहिनी तिथे बसून माझी बॅग भरत होत्या. साड्या बाहेर काढलेल्या, तळाशी चिंचेच्या गोळ्यांचा डबा आणि वाळवलेल्या लाल अंबाडीची पुडी नीट बसवत होत्या. मी म्हटलं, राहू द्या, मी भरते. त्या म्हणाल्या, तुम्ही कालपासून पुष्कळ काम केलंत. मी त्यांच्या डोक्याशी उभी राहिले. तेवढ्यात दारातून कोणीतरी गुड आफ्टरनून म्हटलं आणि मला जावं लागलं. परत आले तेव्हा बॅगेची चेन लावलेली होती आणि घड्याळात सव्वापाच झाले होते.

शनिवार

विमानतळावर मी बॅग हातातून सोडली नाही. वहिनी गाडीत होत्या. दादाने सलाम म्हणायला तोंड उघडलं, त्याआधी मी म्हटलं, "दादा, तो अर्ज..."

"मंजूर झाला," तो म्हणाला.

मला वाटलं मी चुकून दुसरंच काही ऐकलं. मग त्याने शांतपणे सांगितलं, की अर्ज त्याने मी तिकीट काढायच्या आधीच पाठवला होता, बुधवारी संध्याकाळी उत्तर आलं, आणि फ्रिजवर होती ती नक्कल.

"मग मला आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर आली असतीस?"

"नाही."

"तेच. तू एकदा इथलं बघावंस असं वाटत होतं."

मी म्हटलं, मी खूप बघितलं, समुद्र चार वेळा बघितला. माझ्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते त्याला दिसू नये म्हणून मी त्याचा सलामही न घेता आत गेले. कस्टमच्या खिडकीशी एक गणवेशातला माणूस बसला होता. त्याला मात्र माझ्या तोंडून आपोआप गुड मॉर्निंग गेलं. भावाला नाही म्हटलं आणि कस्टमवाल्याला म्हटलं, हे मला विमानात सगळा वेळ टोचत राहिलं.

पिस्कॅटवे

घरी निशाने दार उघडलं, मिठी मारली, मीटिंगला गेली. मी बॅग उघडली. चिंचेच्या गोळ्यांचा डबा, अंबाडी, आणि त्याखाली, मी ठेवली होती त्याच घडीत, ती नक्कल. ती बुधवारपासून माझ्याजवळ होती आणि मी वरच्या ठळक ओळीपलीकडे वाचली नव्हती. दर परीक्षेला मुलींना बजावत आले, की आधी प्रश्नपत्रिका शेवटपर्यंत वाचा.

चष्मा लावून वाचली. नाव, वय, प्रकृती. स्टेंटचा रकाना खरा भरलेला होता. दुसऱ्या पानावर राहत्या घराविषयी काही बदल हवा आहे का, असा प्रश्न होता. त्याखाली दादाच्या सरकारी इंग्रजीत, शाईने, लिहिलं होतं, की आम्हाला दोन झोपायच्या खोल्यांचं घर हवं. कारण: धाकटी बहीण विधवा आहे. थंडीचे महिने ती आमच्याजवळ राहील. तसा तिला शब्द दिला आहे.

आणि त्या ओळीखाली, पेन्सिलीने, मराठीत, अगदी ताजं: "शिवाय टाकी मोठी हवी. बहीण पडदे धुते."

म्हणजे त्याला सगळं ठाऊक होतं. वहिनींनाही. मला थंडीत तिकडे नेऊन ठेवायचं ठरवलं आणि मला एका शब्दाने विचारलं नाही. कोऱ्या कागदावर खुशाल माझं पुढचं आयुष्य भरून टाकलं. मी तिथेच, उघड्या बॅगेशेजारी जमिनीवर बसून दादाला फोन लावला. त्याने उचलला. मी आधी रीतसर "सलाम, दादा" म्हटलं, आणि मग पाऊण तास भांडले.